एसटीत अभ्यास करायचाय?

अरे, पहिल्याच प्रवासात जाडजूड पुस्तक उघडू नकोस, हडपसर सुटेपर्यंत मळमळायला लागेल. डोळे म्हणतात अक्षरं स्थिर आहेत, कान म्हणतो आपण हलतोय; त्या भांडणात पोट ढवळतं. बसच्या मधल्या भागातली सीट धर, मागच्या बाकावर आदळआपट ठरलेली. दुपारी पुण्याहून सोलापूरला निघालास तर डावी खिडकी घे, ऊन उजवीकडून येतं.

मी पोस्टकार्डाएवढे कागद नेतो, एकावर राज्यघटनेचं एकच कलम. वाचायचं, कागद पालथा घालायचा आणि बाहेर बघत मनात म्हणायचं. भिगवण ते इंदापूर सात-आठ कागद झाले तरी खूप.

शेजारचे काका 'कुठले तुम्ही?' विचारणारच. लगेच इअरफोन कोंबू नकोस. दोन मिनिटं मोकळं बोल, परीक्षेचं सांग. मग मोठ्यानं मोबाइल लावणाऱ्याला तेच गप्प करतात. एकदा एका आजींनी माझ्याकडून मूलभूत कर्तव्यं म्हणवून घेतली, बोटांवर मोजत. 'अकरा म्हणालास, दहाच झाली की रे!' वर शेंगाचटणी-भाकरी दिली. ते राहिलेलं अकरावं, मुलांच्या शिक्षणाचं, आता जन्मात विसरणार नाही.

टेंभुर्णीनंतर मला झोप येते. तिच्याशी मी भांडत नाही.