बिनधास्त विचारा: ओहोटीबरोबर जाणारी माणसं

प्रश्न: ताई, मी आयटीत आहे आणि रात्री जागून मराठीत फॅन्टसी कादंबरी लिहितेय. खाडीकाठचं एक शहर आहे, बारा देव आहेत, प्रत्येकाचं खातं वेगळं (अग्नी, पाऊस, युद्ध, व्यापार वगैरे), वर सात मजली स्वर्ग, आणि मेलेली माणसं ओहोटीबरोबर समुद्रात जातात. सगळं एक्सेलमध्ये नीट लावलंय. पण ग्रुपमध्ये वाचलं की सगळे म्हणतात धर्म खोटा वाटतो, गेमचा चार्ट वाटतो. कुठे चुकतंय?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: ती एक्सेल शीट तूर्तास मिनिमाइज कर. तुझ्या अख्ख्या पत्रात एकच वाक्य जिवंत आहे आणि ते तू जाता जाता टाकलंयस, मेलेली माणसं ओहोटीबरोबर जातात हे. बारा देव कुणीही बसून काढेल गं, पण हे खाडी रोज बघणाऱ्या माणसालाच सुचतं, तर आता तिथेच थांब आणि तुझ्या शहरातल्या एका घरात कुणाला तरी मरू दे.

समजा म्हातारा गेला आणि भरती नुकतीच लागलीय. ओहोटी लागायला सहा-सव्वासहा तास. तोवर मयत घरात. मग त्या वेळात कोण बसतं, चूल पेटते की नाही, शेजारून जेवण येतं की येत नाही, आणि ओहोटी रात्री दोनला लागत असेल तर पोरांना उठवायचं का? हे लिहिलंस की धर्म आपोआप दिसायला लागतो, देवाचं नावसुद्धा घ्यावं लागत नाही. पुढे अजून गंमत आहे, कारण सगळ्या ओहोट्या सारख्या नसतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी लांबपर्यंत खेचून नेतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी जेमतेम हलतं. म्हणजे उधाणाला निघालेला थेट खोल समुद्रात पोचणार आणि भांगाला निघालेला तिवरांच्या मुळांत अडकणार. मग पैसेवाले काय करतील? मयत मिठात ठेवून उधाणाची वाट बघतील! म्हणजे तुझ्या शहरात मिठागरवाला पुजाऱ्याइतकाच मोठा माणूस झाला, भरतीचं पंचांग काढणाऱ्याच्या हातात सत्ता आली, आणि ज्याला मीठ परवडत नाही त्याचा बाप तिवरात राहिला. म्हणून आया पोरांना सांगतात, संध्याकाळी तिवराकडे फिरकू नका. भुतं आली, जातपात आली, भांडण आलं, आणि आपण अजून स्वर्गाच्या पहिल्या मजल्यावरही गेलो नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे सोय. खरा धर्म कधीच एका नियमावर अडून बसत नाही, त्याच्याकडे प्लॅन बी असतोच. आपल्याकडे दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात, कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा राहिली नाही असं मानतात. नाही शिवला तर? मग घरचे एकेक जण पुढे येऊन शब्द देतात, धाकटीचं लग्न करून देऊ, आईला सांभाळू, भावाचं देणं फेडू, सगळ्यांसमोर, हात जोडून. तरी नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि लोक घरी जातात. या एका विधीत नियम आहे, भीती आहे, घरातली उघडी पडलेली भांडणं आहेत आणि उन्हात ताटकळलेल्या नातेवाइकांसाठी सुटकाही आहे. तुझ्या ओहोटीलाही असा दर्भाचा कावळा हवा. नदीच नसलेल्या डोंगरात मेला त्याचं काय करायचं? कुणीतरी घागरभर खाऱ्या पाण्यावर भागवत असेलच, आणि कुणीतरी कडवा माणूस त्याला नावं ठेवत असेल.

विसंगतीला घाबरू नकोस, तुझी शीट खोटी वाटते ती सगळं जुळतं म्हणूनच. गरुडपुराणात यमाच्या वाटेवर वैतरणी लागते, रक्त-पुवाची नदी, गोदान केलेलं असेल तर गायीचं शेपूट धरून पार व्हायचं. आणि त्याच नावाची वैतरणा त्र्यंबककडच्या डोंगरात उगम पावून आपल्या शेजारून समुद्राला जाते, तिच्या धरणांचं पाणी मुंबई पिते, विरार-डहाणू लाईनवर तिच्या नावाचं स्टेशन आहे आणि लोक तिथे उभ्याने झोपा काढत जातात. कुणाला काही अडत नाही. तसंच मोक्षाचं. शास्त्र सांगतं जन्माच्या फेऱ्यातून सुटा, आणि तुकोबा म्हणतात मुक्ती नको, खुशाल परत गर्भवासात घाला. तुझ्या सात मजल्यांच्या स्वर्गात मला जायचंच नाही म्हणणारा एक तरी संत असू दे.

आणि शेवटी तो धर्म मोडून बघ. मुंबईचे पारशी मृतदेह दख्म्यात, म्हणजे वरून उघड्या गोल बुरुजात, गिधाडांसाठी ठेवायचे, कारण अग्नी, पाणी, माती विटाळायची नाही. १९९० च्या दशकात गिधाडं भराभर संपली, कारण गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध, त्या मेलेल्या गुरांचं मांस खाऊन गिधाडांची किडनी निकामी व्हायची. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं पण गिधाडं काही परत आली नाहीत. मग समाजात केवढा वाद, कुणी सूर्यकिरण एकवटणारे आरसे लावले, कुणी म्हणालं दहन करू, परंपरावाले म्हणे मुळीच नको, आणि २०१५ मध्ये दहन निवडणाऱ्यांसाठी वरळीला प्रार्थनेचा हॉल झाला. एका गुरांच्या औषधाने हजारो वर्षांचा विधी हलवला! आता तुझ्या शहरात कुणीतरी खाडीवर बांध घालतोय, भराव टाकून जमीन काढतोय (नवी मुंबईत राहून हे मी तुला काय सांगू) आणि एका वस्तीपर्यंत ओहोटी पोचायचीच बंद झाली. त्या वस्तीतले मेलेले कुठे जाणार? तुझी कादंबरी मला तरी तिथे दिसते.

बारा देव ठेव की, फक्त सगळ्यांना सारखं काम देऊ नकोस. ब्रह्मदेवाने सृष्टी केली तरी त्याची देवळं शोधावी लागतात.

प्रश्न: माझ्या कथेत मांत्रिक मृतांशी बोलू शकतात, परलोक आहे हे सर्वांना पक्कं माहीत आहे. मग श्रद्धेचा प्रश्नच उरत नाही. नास्तिक पात्र कसं दाखवावं?
(एक निवृत्त वाचक, खारघर)

उत्तर: सर, पक्कं माहीत असलं की श्रद्धा कमी होईल पण पळवाटा दुप्पट होतील. प्राचीन इजिप्तचंच बघा. मेल्यावर तुमचं हृदय तराजूत टाकणार, दुसऱ्या पारड्यात सत्याचं पीस, यावर त्यांचा पूर्ण विश्वास. मग त्यांनी काय केलं, तर मृताच्या छातीवर मंत्र कोरलेला दगडी भुंगा ठेवला, मंत्र असा की हे हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस! परलोकाच्या मार्गदर्शक पोथ्या तर नावाची जागा कोरी सोडून आधीच लिहून ठेवायचे, गिऱ्हाईक आलं की नाव भरायचं. तिथे शेतात राबावं लागेल म्हणून थडग्यात छोट्या मजुरांच्या मूर्ती पुरायचे, पुढेपुढे तर वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक आणि त्यांच्यावर मुकादम वेगळे.

तर तुमच्या जगात परलोकाचे एजंट दाखवा, वकील दाखवा. आणि मेलेले खरंच बोलतात हे कुणी ठरवलं? आजोबांना बोलावून सातबाऱ्यावर कुणाचं नाव लावायचं विचारलं तर ते लाडक्या नातवाचंच सांगणार, आणि बाकीचे भाऊ दुसरा मांत्रिक आणणार. नास्तिक म्हणाल तर देव नाहीत म्हणणारा माणूस तुमच्याकडे वेडाच ठरेल, पण देव आहेत आणि मी त्यांना नमस्कार करणार नाही असं म्हणणारी, पोर गमावलेली बाई कुणालाही पटेल.

प्रश्न: एकवीरा, गावदेवी अशा आपल्याच देवता नाव बदलून घेतल्या तर चालेल का?
(एक कॉलेजकन्या, नौपाडा)

उत्तर: नाव बदलून नकोच. दोन पानांत ओळखू येतं, मग वाचक गोष्ट सोडून तुझ्या चुका शोधत बसतो, शिवाय एकवीरा ही आपल्या आगरी-कोळी लोकांची चालती-बोलती कुलस्वामिनी आहे, प्रॉप नाही. रचना घे. कार्ल्याला बघ, दोन हजार वर्षांपूर्वीचं बौद्ध लेणं आणि अगदी त्याच्या दाराशी देवीचं देऊळ, चैत्रात पालख्या वर चढतात त्या त्याच कातळाशेजारून. किंवा नवी मुंबईतलं कुठलंही गावठाण, चहूबाजूंनी सेक्टर आणि टॉवर आले तरी गावदेवी आपल्या जागी आणि तिची जत्रा तिच्याच तिथीला. तुझ्या शहरातलं मोठं देऊळ असंच कुणाच्या तरी जुन्या जागेला खेटून उभं कर, आणि त्या जुन्या लोकांपैकी एखादी म्हातारी अजून तिथे दिवा लावायला येते का ते ठरव. देवीचं नाव मग शेवटच्या ड्राफ्टला सुचलं तरी चालेल.