दुबईच्या वकिली ऑफिसात पहिल्या दिवशी काय काम देतात? काळा कोट न्यावा का?

तुम्ही लिहिलंय की सावंतवाडीत दोन वर्षं ज्युनिअरशिप झाली आणि आता दुबईहून बोलावणं आलंय. मी देवगडचा. दुबईत तीन वर्षं काढून आता पुन्हा ओरोसच्या कोर्टात काम करतो.

कोट नेऊ नका. आपल्या वकिलीच्या सनदेवर तिकडच्या कोर्टात उभं राहता येत नाही. तिथल्या स्थानिक कोर्टांचं काम अरबीत चालतं. आपण मागे बसून कागद तयार करायचे. आणि पगारी नोकरी धरताना इकडची सनद बार कौन्सिलला कळवून स्थगित करावी लागते, ते निघायच्या आधी उरका.

माझा पहिला दिवस रविवार होता. २०१८ साल; तेव्हा तिथे शुक्रवार-शनिवार सुट्टी असे (शनिवार-रविवार झाली ती २०२२ पासून). सकाळी आईचा फोन, ‘आज आयतवार ना रे? मग हापिस कसला?’

पहिलं काम आलं ते कागदांचे सात संच लावायचं. मी सवयीने डाव्या कोपऱ्यात पंच मारून टॅग ओवले. अनुवाद करणाऱ्या बाईंनी एक संच उचलला, पान उलटायला गेल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. अरबी उजवीकडून वाचतात हे मला काय माहीत नव्हतं? पण हात ओरोसचा! दोन्ही बाजूंना भोकं पडलेले कागद कोर्टात कोण देणार? सातही संच पुन्हा छापले. जेवायची सुट्टी त्यात गेली.

दुपारी वेंगुर्ल्याकडचे एक काका आले. गावच्या सामायिक कलमांच्या बागेसाठी भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करायचं होतं. मसुदा टाइप होऊन तयार होता: गाव, तालुका, सर्व्हे नंबर, क्षेत्र. हिस्सा नंबरच नव्हता. आपल्याकडे एका सर्व्हे नंबरचे किती तुकडे असतात ते तुम्हाला सांगायला नको. काकांनी भावाला सातबाऱ्याचा फोटो पाठवायला सांगितला. इकडे गावात घड्याळ दीड तास पुढे, भाऊ बागेत, फोन घरी. तासाभराने फोटो आला, मी हिस्सा नंबर घातला. तोवर माझी चौकशी करून झाली होती: ‘खंयचो रे तू? कोणाचो?’

मग कॉन्सुलेटमध्ये सही साक्षांकित करून घ्या आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा, हे सांगितलं. साहेब दारात उभे राहून ऐकत होते. दुसऱ्या दिवसापासून गावच्या जमिनींचे कागद माझ्याच टेबलावर यायला लागले.

तेव्हा कोटाच्या जागी बॅगेत आपल्या जुन्या मसुद्यांची फाइल टाका. आणि मराठी फॉन्ट असलेला स्वतःचा लॅपटॉप. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझं मराठी नुसतं चौकोन-चौकोन दिसत होतं.