समांतर जोडलेले चार डीसी-डीसी कन्व्हर्टर (एका डीसी व्होल्टेजचं दुसऱ्या डीसी व्होल्टेजमध्ये रूपांतर करणारी सर्किट) आहेत आणि लोड सतत बदलतो. सगळे कायम चालू ठेवावेत का?

नाही. हलक्या लोडवर चारही चालवणं म्हणजे निव्वळ वीज वाया घालवणं.

प्रत्येक कन्व्हर्टरमध्ये दोन प्रकारचा ऱ्हास, म्हणजे वाया जाणारी वीज, असतो. एक जवळपास स्थिर: स्विचिंग, गेट ड्राइव्ह (स्विच चालू-बंद करणारं सर्किट), इंडक्टरचा कोअर. दुसरा करंटच्या वर्गाप्रमाणे वाढणारा. म्हणून एकसारखे n कन्व्हर्टर चालू असताना एकूण ऱ्हास साधारण nP + I²R/n इतका होतो; इथे P म्हणजे एका कन्व्हर्टरचा स्थिर ऱ्हास, R त्याचा रोध आणि I लोडचा एकूण करंट. यावरून n वरून n+1 वर जाण्याची योग्य वेळ निघते: I = √(n(n+1)P/R). समजा P = २ वॅट, R = ०.०२ ओहम. मग दुसरा सुमारे १४ अँपिअरला, तिसरा २४.५ ला आणि चौथा ३४.६ अँपिअरला जोडायचा. मात्र एकेकाची करंट मर्यादा आधी येत असेल तर तीच पाळा.

खरी कसोटी लागते ती लोड अचानक वाढतो तेव्हा. त्यामुळे जोडताना घाई करा, काढताना सावकाश. लोड एकदम उसळला की थेट सगळे चालू करा, सरासरी करंटची वाट पाहू नका, नाहीतर व्होल्टेज कोसळेल. बंद करण्याचा उंबरठा थोडा खाली ठेवा (हिस्टेरेसिस), म्हणजे सीमेवर चालू-बंदचा खेळ होणार नाही.

संख्या बदलली की फेजमधलं अंतर (एकेकाच्या स्विचिंगच्या वेळेतला फरक) पुन्हा ३६०/n अंश करायला विसरू नका, कारण रिपल (आउटपुटमधला बारीक चढउतार) त्यावरच कमी होतो. करंट समान वाटण्यासाठी ड्रूप (करंट वाढेल तसं प्रत्येकाने आपलं व्होल्टेज किंचित कमी करणं) सोपा आणि भरवशाचा आहे, पण त्यात व्होल्टेज थोडं घसरतं. ते चालणार नसेल तर कन्व्हर्टरांना आपसात जोडणारी करंट-शेअर लाइन (करंटची माहिती एकमेकांना देणारी तार) टाका. आणि सर्वात आधी चालू होण्याचा मान नेहमी एकाच कन्व्हर्टरला देऊ नका, आळीपाळीने बदला.