गुडघे झिजलेत म्हणून बसून राहायचं का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. माझं वय 64, नाशिकला असते, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी एक्स-रेत दोन्ही गुडघ्यांची झीज निघाली, तेव्हापासून घरात सगळे म्हणतात जिना चढू नकोस, गादी अजून झिजेल, म्हणून मी फिरायला जाणंही बंद केलं. दुखणं काही कमी झालं नाही, उलट आता खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, मांड्या पार बारीक झाल्यात, वजन मात्र तेवढंच आहे. हे गुडघ्यांमुळे की वयामुळे?

उत्तर : ताई, दोन्हींमुळे, आणि त्यात भर पडली ती आरामाची. घरच्यांनी काळजीपोटीच सांगितलं, पण हा सल्ला ऐकला की मला खरंच वाईट वाटतं, कारण गुडघा ज्याच्या जिवावर उभा असतो तो मांडीचा पुढचा स्नायूच त्यात आधी जातो.

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत 3 ते 8 टक्के स्नायू कमी होतात, साठीनंतर वेग वाढतो, आणि ताकद तर आकारापेक्षाही लवकर उतरते. याला सार्कोपेनिया म्हणतात, हे नाव अमेरिकेतले पोषणतज्ज्ञ अरविन रोझेनबर्ग यांनी 1989 मध्ये सुचवलं. वजन तेवढंच दिसतंय ना, ते बहुतेक स्नायूच्या जागी चरबी आल्यामुळे, म्हणून नुसत्या वजनकाट्यावर विसंबू नका.

आता गुडघ्याशी संबंध बघा. पाऊल टेकलं की धक्का आधी मांडीचा स्नायू झेलतो, तो कमजोर पडला की तोच धक्का थेट गादीवर म्हणजे कूर्चेवर जातो. आणि उलटंही होतं, गुडघा सुजला किंवा दुखला की तिथल्या नसा त्या स्नायूला पूर्ण जोर लावूच देत नाहीत, मग तो आणखी वाळतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या इंडियानामधल्या एका अभ्यासात तर ज्यांच्या एक्स-रेत झीज होती पण गुडघे दुखत नव्हते त्यांचाही हा स्नायू कमजोर निघाला, म्हणजे दुखतं म्हणून हालचाल कमी आणि म्हणून कमजोरी, एवढं सरळ ते नाहीये. शिवाय कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात, सांध्यातलं वंगण दाबलं-सुटलं की त्यातूनच तिला पोषण मिळतं. बसून राहिलं की तेही कमी.

झिजलेली गादी व्यायामाने परत येत नाही, हे आधीच सांगते. स्नायू मात्र येतो, कुठल्याही वयात. 1990 मध्ये बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांकडून आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम करून घेतला तर पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली! तुम्ही तर 64 च्याच आहात.

सुरुवात अशी करा. पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच सेकंद दाबा, सोडा, असं दहा वेळा. मग खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवा आणि हात न लावता उठा-बसा, जमायला लागलं की एक उशी काढा, आठवड्यातून तीन दिवस पुरे. करताना थोडं दुखलं तर चालतं, दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा दुखणं वाढलेलं असेल तर मात्र तेवढं कमी करा. उशा न घेता पाच वेळा उठ-बस करायला 12 सेकंद किंवा जास्त लागले तर ताकद तपासून घ्यायला हवी असं आशियाई तज्ज्ञांचा 2019 चा निकष सांगतो, पण तुमच्या बाबतीत दुखण्यामुळेही वेळ लागेल, तेव्हा आकडा बघून घाबरू नका, महिन्याने परत मोजा. गुडघा लाल, गरम झाला किंवा अडकून बसला तर व्यायाम थांबवून आधी दाखवा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी, रात्री दूध-पोळीच असते. प्रोटीन पावडर घ्यावी का?

उत्तर : आधी ताट बघा. उतारवयात किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे 60 किलो वजनाला 60 ते 72 ग्रॅम, आणि आपलं पातळ वरण वाटीभर घेतलं तरी फार तर पाच-सहा ग्रॅम मिळतं. रात्रीच्या दूध-पोळीसोबत घट्ट पिठलं, मटकीची उसळ किंवा पनीर घ्या, सकाळच्या पोह्यांत दाणे आणि वर वाटीभर दही. एवढं करूनही कमी पडलं तर पावडर. किडनीचा त्रास असेल तर यातलं काहीही वाढवण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.