सरॉरिटी, मावशी आणि ‘सामाजिक’चा घोटाळा

एका अमेरिकी मुलीच्या कॉलेजच्या आठवणी मराठीत आणणाऱ्या ताईंनी विचारलं आहे, की ‘सर्व्हिस सरॉरिटी’ला काय म्हणावं? (सरॉरिटी म्हणजे तिथल्या कॉलेजांतली, एकमेकींना बहिणी मानणाऱ्या मुलींची संघटना; ‘सर्व्हिस’ म्हणजे सेवेसाठी निघालेली.) त्यांनी केलेलं वाक्य असं: ‘दुसऱ्या वर्षी ती सामाजिक नव्हे, तर सेवाभावी भगिनी मंडळात दाखल झाली.’ ते वाचून त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “सेवाभावी आहे आणि सामाजिक नाही, असं कसं गं?”

सासूबाईंनी नेमकं बोट ठेवलं आहे. ताईंना ‘सरॉरिटी’ अडली, पण वाक्य बिघडवलंय ते ‘सामाजिक’नं. आपल्याकडे ‘सामाजिक कार्यकर्ता’ म्हटलं की डोळ्यांपुढे मोर्चा येतो, रक्तदान शिबिर येतं. ‘सोशल सरॉरिटी’तलं ‘सोशल’ म्हणजे उठबस, मैत्री, समारंभ, बऱ्याच ठिकाणी एकाच घरात राहणं. समाजकार्य त्याही करतात, पण नाव पडलं ते मैत्रीवरून. तेव्हा तिथे ‘सामाजिक’ घातलं की वाचकाला बरोब्बर उलटा अर्थ कळतो.

आता मूळ शब्द. लॅटिनमध्ये ‘सोरोर’ म्हणजे बहीण. तिचं संस्कृतातलं सख्खं रूप ‘स्वसृ’. मराठीत बहीण आली ‘भगिनी’वरून, त्यामुळे स्वसृ हरवली असं वाटतं, पण ती ‘मावशी’त लपून बसली आहे. मातृष्वसा, म्हणजे आईची बहीण. प्राकृतात ‘माउस्सिआ’, आणि आपली मावशी. म्हणजे शाळेतल्या मावशी आणि अमेरिकेतली सरॉरिटी यांचं दूरचं का होईना, नातं आहे. (अनुवादात याचा काडीचा उपयोग नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.)

शब्द कॉलेजात रुळला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी मुलींच्या संघटनाही स्वतःला ‘फ्रॅटर्निटी’च, म्हणजे बंधुमंडळच, म्हणवत. १८७४ साली अमेरिकेतल्या सिरॅक्यूज विद्यापीठात निघालेल्या ‘गॅमा फाय बीटा’ला (या संघटनांची नावं अशी ग्रीक अक्षरांची असतात) तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी, फ्रँक स्मॉली यांनी, सरॉरिटी म्हणायला सुरुवात केली. शब्द जुनाच होता. त्यांनी तो या कामाला लावला. काही जुन्या संघटना अजून कागदोपत्री ‘महिला फ्रॅटर्निटी’च आहेत.

‘सर्व्हिस सरॉरिटी’ हा प्रकार त्याहून अलीकडचा. बॉय स्काउटच्या विचारांवर १९२५ साली पेनसिल्व्हेनियातल्या लाफायेट कॉलेजात मुलांची ‘अल्फा फाय ओमेगा’ निघाली. मुलींची ‘गॅमा सिग्मा सिग्मा’ १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये, ‘ओमेगा फाय अल्फा’ १९६७ साली ओहायोतल्या बोलिंग ग्रीनला. आपल्या एनएसएसची आठवण होईल, आणि कामापुरतं ते साम्य खरंही आहे. पण आम्ही एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात शोषखड्डे खणले, प्रमाणपत्र घेतलं आणि घरी गेलो. शेजारी घमेलं धरणारी मुलगी माझी बहीण झाली नाही. सरॉरिटीत ती होते. आधी उमेदवारी, मग शपथविधी, नव्या मुलीला जुन्यांतली एक ‘बिग सिस्टर’ म्हणून नेमून देणं, असा सगळा विधी असतो.

कृष्णवर्णीय मुलींच्या सरॉरिट्यांत हे नातं कॉलेज सुटल्यावरही सुटत नाही. पदवीधरांच्या वेगळ्या शाखा असतात आणि पन्नाशीतल्या बायकाही एकमेकींना ‘सोरोर’ अशीच हाक मारतात. यातली पहिली ‘अल्फा कप्पा अल्फा’, १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात निघालेली. कमला हॅरिस हिच्याच. ‘डेल्टा सिग्मा थीटा’ तिथेच १९१३च्या जानेवारीत २२ विद्यार्थिनींनी काढली आणि मार्चमध्ये त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या.

यांच्या लेखी ‘सेवा’ म्हणजे काय, ते १९३५च्या उन्हाळ्यात दिसतं. अल्फा कप्पा अल्फाच्या बायका डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या पुढारपणाखाली मिसिसिपीत दवाखाना चालवायला गेल्या. मळेवाले आपल्या कुळांना कापसाच्या शेतातून दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात. मग यांनी औषधं गाड्यांत भरली आणि दवाखानाच मळ्यांवर नेला. मुलांना घटसर्पाच्या, देवीच्या लसी टोचल्या. पुढची काही वर्षं दर उन्हाळ्यात हे चाललं. तांत्रिक वर्गवारीत अल्फा कप्पा अल्फा ही ‘सर्व्हिस सरॉरिटी’ धरत नाहीत, हे मात्र अनुवाद करताना ध्यानात असू द्या.

आता ‘भगिनी मंडळ’. शब्दशः बिनचूक, पण मराठी कानाला त्यात हळदीकुंकू, पापड-लोणच्यांची विक्री आणि पाककृती स्पर्धा ऐकू येते. शिवाय आपली ‘भगिनी’ व्यासपीठावरची आहे, ‘बंधू आणि भगिनींनो’मधली; तिला घरी कुणी ओळखत नाही. सरॉरिटीतल्या नात्याच्या जवळचे दोन शब्द आपल्याकडे आहेत. एक ‘मानलेली बहीण’, दुसरा ‘गुरुभगिनी’. एकाच गुरूचा गंडा बांधलेल्या मुली गुरुभगिनी होतात, रक्ताचं नातं नसताना. पण सरॉरिटीत गुरू नाही, म्हणून तो शब्द तिथे चालणार नाही.

माझं मत: संस्थेचं नाव ‘सरॉरिटी’च ठेवा. उच्चार ‘रॉ’वर जोर देऊन होतो, म्हणून ‘सोरोरिटी’ लिहू नका. सोसायटीची सोसायट्या तशी सरॉरिटीची सरॉरिट्या. पहिल्यांदा शब्द येईल तिथे अर्धं वाक्य खर्चून अर्थ सांगा आणि माणसांबद्दल बोलताना सरळ ‘बहिणी’ म्हणा. ‘बिग सिस्टर’ला ‘थोरली’, ‘लिटल सिस्टर’ला ‘धाकटी’ छान बसतं. ‘सोरोर’ ही हाक मात्र तशीच राहू द्या, ‘ताई’ करू नका. ताई वयानं मोठी लागते, सोरोर सगळ्या बरोबरीच्या.

ताईंचं वाक्य मी असं लिहीन: ‘दुसऱ्या वर्षी ती सरॉरिटीत गेली, शपथ घेऊन एकमेकींच्या बहिणी होणाऱ्या मुलींच्या संघटनेत, तीही नुसत्या मैत्रीसाठी निघालेल्या नव्हे, सेवेसाठी निघालेल्या.’ लांबलंय खरं, पण सासूबाईंना वाचून दाखवा आणि त्या काय म्हणाल्या ते कळवा.