कोरी वही

“आई तीन वेळा येऊन गेली, पण फरक काहीच नाही. तिलाच बरं व्हायचं नाहीये का?” मुलीने फोनवर विचारलं. समुपदेशनाच्या कामात नातेवाइकांच्या तोंडून हा प्रश्न मी नेहमी ऐकते. या वेळी मात्र तो मला लागला, कारण माझ्याही मनात तेच येऊ लागलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बाई पन्नाशीच्या. सतत रडू येतं, कशात मन लागत नाही, ही तक्रार. मनात येणारे विचार लिहायला मी त्यांना वही दिली होती. दर वेळी ती कोरीच परत यायची. मी ‘सहकार्य नाही’ अशी नोंद करून मोकळी झाले. ती नोंद आजही मला टोचते.

चौथ्या भेटीत वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “कालचा दिवस सांगा. उठल्यापासून.”

“उठल्यापासून म्हणजे कधीपासून? रात्री दर दोन तासांनी उठतेच की. ह्यांना कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात.”

नवरा पक्षाघाताने वर्षभर अंथरुणाला खिळलेला. हे मला ठाऊक होतं, ‘कौटुंबिक माहिती’च्या रकान्यात मीच लिहिलं होतं. पण रात्रीबद्दल मी कधी विचारलंच नव्हतं.

मग कागदावर मधोमध त्यांचं वर्तुळ काढलं, भोवती घर, नवरा, मुलं, दवाखाना, कर्ज, बहीण. अ‍ॅन हार्टमन यांनी १९७५ मध्ये समाजकार्यासाठी तयार केलेला हा इकोमॅप. कुणाकडून बळ मिळतं आणि कुणासाठी ते खर्च होतं, हे बाणांनी दाखवायचं. पेन त्यांच्याच हातात दिलं. एकेक बाण बाहेर जात राहिला. आत येणारा एकच, बहिणीकडून. त्या कागदाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “एवढंच?”

मी मुलीला सांगितलं, आईची इच्छा संपलेली नाही, झोप संपली आहे. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायला सुचवलं, कारण थायरॉइडची कमतरता किंवा रक्तक्षय असला तरी माणूस असाच मलूल, उदास दिसू शकतो. हिमोग्लोबिन बरंच कमी निघालं, उपचार सुरू झाले. कर्जाचं काम माझं नव्हे. त्यासाठी समाजकार्यकर्तीला जोडून दिलं. सगळं एकट्याने ओढायचं नसतं, आणि बाईंना नको असेल तिथे शिरायचंही नसतं. बहिणीला बोलावू का, हेही आधी त्यांनाच विचारलं. विचारांवरचं काम मी सोडलं नाही, फक्त पुढे ढकललं. झोपेविना कुणाला स्वतःच्या विचारांकडे बघता येतं?

पुढच्या भेटीला वही भरलेली आली. अक्षर मुलाचं होतं. पहिल्या पानावर रात्रीच्या पाळ्या आखलेल्या: बारा, दोन, चार. दोन आणि चारसमोर मुलांची नावं.

“काल मी पाच तास झोपले,” बाई म्हणाल्या, “सलग.”