भाषाविज्ञानाची पदवी : विद्यार्थी आणि पालकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की भाषाविज्ञानाविषयी पत्रे येऊ लागतात. पत्र पालघरचे असो वा सावंतवाडीचे, गोंधळ बहुधा तोच असतो : भाषाविज्ञान म्हणजे पुष्कळ भाषा शिकणे, की व्याकरण पाठ करणे, की भाषांतर? यांपैकी काहीच नव्हे. माणसाच्या तोंडून ध्वनी कसे निघतात, ध्वनींचे शब्द आणि शब्दांची वाक्ये कशी घडतात, अर्थ कसा कळतो आणि हे सारे काळागणिक व समाजागणिक कसे बदलते, याचा पुराव्यावर उभा असलेला अभ्यास म्हणजे भाषाविज्ञान. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मला मराठी, हिंदी आणि इंग्रजी एवढ्याच भाषा येतात. हा विषय घेता येईल का? (विद्यार्थिनी, चिपळूण)

येईल.

प्रश्न : संस्कृत यावेच लागते, असे ऐकले आहे. (विद्यार्थी, दापोली)

चुकीचे ऐकले आहे. मात्र पुढे ऐतिहासिक भाषाविज्ञानाकडे वळलात, तर संस्कृत आणि प्राकृत दोन्ही लागतील.

प्रश्न : निकाल लागला, गुण चांगले आहेत. जवळच्या महाविद्यालयात भाषाविज्ञान हा मुख्य विषय नाही. आता अर्ज कोठे करावा? (विद्यार्थी, देवरुख)

निकालानंतर हा प्रश्न विचारणे म्हणजे उशीर करणे होय, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पदवीपासूनच भाषाविज्ञान शिकवणारी विद्यापीठे आपल्या देशात थोडी आहेत. बनारस हिंदू विद्यापीठ आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठ ही त्यांतली दोन. केंद्रीय विद्यापीठांचे बहुतेक पदवीप्रवेश २०२२ पासून सीयूईटी या सामाईक परीक्षेतून होतात, काही अभ्यासक्रमांना विद्यापीठ स्वतःची परीक्षा घेते, आणि या परीक्षांचे अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावे लागतात. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असलेल्यांसाठी हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्र व संगणकीय भाषाविज्ञान यांची पाच वर्षांची दुहेरी पदवी आहे, पण तिचीही प्रवेशपरीक्षा निकालाची वाट पाहत नाही. ‘निकाल लागू दे, मग बघू’ या एका वाक्यापायी दरवर्षी किती गुणी मुलांची ही वाट बंद होते!

तरीही हताश होण्याचे कारण नाही. महाराष्ट्रात हा विषय मुख्यतः एम.ए.ला शिकवला जातो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजला भाषाविज्ञानाची मोठी परंपरा आहे, आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलातही भाषाविज्ञान विभाग आहे. डेक्कन कॉलेजात एम.ए.साठी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. म्हणून आज जवळच्याच महाविद्यालयात मराठी, इंग्रजी, संस्कृत, मानसशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेऊन पदवी करणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. मराठीच्या बी.ए.ला भाषाविज्ञानाची अभ्यासपत्रिका बहुधा असते. ‘तिला गुण मिळत नाहीत’ या ऐकीव गोष्टीवरून ती टाळू नका. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य आणि दुय्यम विषयांच्या जोड्या प्रत्येक महाविद्यालयात वेगळ्या असतात, तेव्हा प्रवेश घेण्यापूर्वी मराठीच्या विभागप्रमुखांना समक्ष भेटा, आणि एम.ए.च्या अटी संबंधित विभागाकडून लेखी मागवून घ्या.

प्रश्न : अलिबागला दोन दिवसांची ‘एनएलपी’ कार्यशाळा आहे. शुल्क १५,००० रुपये. हे भाषाविज्ञानच आहे आणि यातून एआय कंपन्यांत नोकरी मिळते, असे आयोजक सांगतात. (पालक, पेण)

पैसे भरू नका. एनएलपी या तीन अक्षरांमागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि विक्रेते त्या जाणूनबुजून एक करून दाखवतात. एक आहे नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग, म्हणजे संगणकाला माणसाची भाषा हाताळायला लावणारे शास्त्र. त्यासाठी गणित, संख्याशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि भाषेच्या रचनेची जाण लागते आणि ते शिकण्यात वर्षे जातात. दुसरी आहे न्यूरो-लिंग्विस्टिक प्रोग्रॅमिंग, म्हणजे १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात रिचर्ड बँडलर आणि जॉन ग्राइंडर यांनी मांडलेली स्वतःला व इतरांना ‘घडवण्या’ची पद्धत. ग्राइंडर स्वतः भाषाविज्ञानाचे अध्यापक होते, नावात ‘लिंग्विस्टिक’ आहे, म्हणून ही फसवणूक सहज खपते. पण भाषाविज्ञानाच्या अभ्यासक्रमात या पद्धतीला स्थान नाही. दोन दिवसांत मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर एआय कंपनी नोकरी देत नाही. मुलाला खरोखर त्या क्षेत्रात जायचे असेल, तर जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील संगणक विभागाच्या प्राध्यापकांचा सल्ला घ्या.

प्रश्न : मुलीला भाषाविज्ञान शिकायचे आहे, पण घरी ती आजीशी मालवणीतच बोलते. त्याने तिची भाषा अशुद्ध होईल, मुलाखतीत अडचण येईल, असे शिकवणीच्या सरांनी सांगितले, म्हणून आम्ही घरात मालवणी बंद केली आहे. योग्य केले ना? (आई, मालवण तालुका)

नाही. ही बंदी आजच उठवा.

मुलीपाशी काय आहे, ते एकदा जवळून पाहा. प्रमाण मराठीत ‘तो येईल’ आणि ‘ती येईल’ यांत क्रियापदाचे रूप एकच राहते. तुमच्या घरात मात्र तो ‘येतलो’, ती ‘येतली’ आणि ता (म्हणजे ते) ‘येतला’. म्हणजे प्रमाण मराठी भविष्यकाळात लिंगाचा जो भेद दाखवत नाही, तो मालवणी नियमाने दाखवते. आजी हा नियम कधी मोडत नाही आणि तो तिला कोणी शिकवलेलाही नाही. असे कोणी न शिकवताही अंगवळणी पडलेले नियम शोधून नेमक्या शब्दांत मांडणे, हेच तुमच्या मुलीला पुढे करायचे आहे. ज्या घरात दोन व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात, तिथल्या मुलाला हा भेद आपोआप ऐकू येतो. एकच बोली ऐकत वाढलेल्या विद्यार्थ्याला तो पुस्तकातून शिकावा लागतो.

आता प्रमाण मराठीचेच पाहा. ‘बांगडा’चे ‘बांगड्याला’ होते, ‘आंबा’चे ‘आंब्याला’; मधे य येतो. मग ‘मासा’चे ‘मास्याला’ न होता ‘माशाला’ का होते? ‘ससा’चे ‘सशाला’, ‘पैसा’चे ‘पैशाला’ का? येथे य हरवलेला नाही. स उच्चारताना जीभ दातांच्या मागे असते, य तिला टाळूकडे ओढतो, आणि दोघांचा मिळून श होतो. ‘चाक’ आणि ‘चार’ यांतले च एका अक्षराने लिहिले, तरी उच्चाराने दोन आहेत, आणि तिथेही भेद दात आणि टाळू यांचाच आहे. बारा वर्षे अक्षरे गिरवल्यावर हे भेद आपल्याला ऐकू येईनासे होतात. भाषाविज्ञानाच्या पहिल्या वर्षी कान पुन्हा उघडावा लागतो, आणि जिला घरी ‘गप्प बस, नीट बोल’ एवढेच ऐकावे लागले, तिचा कान उघडायला फार वेळ लागतो.

‘अशुद्ध’ ही भाषाविज्ञानाची संज्ञा नव्हे. प्रमाण मराठी परीक्षेसाठी, कचेरीसाठी, छापील मजकुरासाठी उत्तम आली पाहिजे, यात शंका नाही. ती मुलीला जरूर शिकवा. पण ती शिकण्यासाठी मालवणी विसरावी लागते, हा समज निराधार आहे. डॉ. अ. मा. घाटगे यांच्यासारख्या विद्वानाने १९६०च्या दशकात मराठीच्या बोलींची पाहणी करताना कुडाळीचे, म्हणजे कुडाळकडच्या मालवणीचे, स्वतंत्र वर्णन केले. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी राज्यभर फिरून बोलींचे ध्वनिमुद्रण केले. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संपर्कातून घडलेली भाषा घराघरांत बोलली जाते. बोलणारे तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा म्हणतात. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये सोडले, तरी ती टिकली, आणि तिचा अभ्यास करायला परदेशातून अभ्यासक आले. आपण मात्र आपल्याच स्वयंपाकघरात आजीला आणि नातीला गप्प करतो, याचे मला मनापासून दुःख होते. बाणकोटी, संगमेश्वरी, आगरी, दालदी, चित्पावनी, या साऱ्यांच्या बाबतीत हेच चालले आहे : आजी बोलीत विचारते, नात प्रमाण मराठीत उत्तर देते, आणि पुढच्या पिढीत विचारणारेही कोणी उरत नाही. चित्पावनी सहज बोलणारी माणसे आज शोधावी लागतात.

मुलीला आजीचे बोलणे ध्वनिमुद्रित करू द्या, उद्यावर ढकलू नका. आधी आजीला हेतू सांगून तिची परवानगी घ्यावी. गाव, वय आणि दिनांक लिहून ठेवावा. पंखा बंद ठेवावा, कारण त्याच्या घरघरीत स आणि श यांचा भेद तपासता येत नाही. काय विचारावे आणि नोंदी कशा कराव्यात, हे भाषाविज्ञान विभागातील एखाद्या अध्यापकाला विचारून ठरवावे. शिकवणीच्या सरांना नव्हे.

प्रश्न : मालवणी ही मराठीची बोली की कोकणीची? (विद्यार्थी, वेंगुर्ले)

केवळ भाषाविज्ञानाच्या निकषांवर याचा निकाल लागत नाही. ग्रियर्सन यांनी ब्रिटिश काळात केलेल्या भारतीय भाषांच्या पाहणीत खुद्द कोकणीच मराठीखाली घातलेली आहे, तर साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा मानले आणि १९९२ मध्ये तिचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. परीक्षेत उत्तर लिहिताना दोन्ही बाजू मांडा आणि नेमलेली भूमिका अध्यापकांना विचारा.

प्रश्न : पदवीनंतर नोकरी मिळेल का? (पालक, खेड)

नुसत्या पदवीवर मिळेल, अशी खात्री कोणी देत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कोशकार्य, भाषा-तंत्रज्ञान, अध्यापन, म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेसारख्या ठिकाणचे प्रकल्प, ही क्षेत्रे आहेत. त्यांसाठी बहुधा एम.ए. आणि सोबत एखादे पक्के कौशल्य लागते. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट परीक्षेत भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय आहे. भाषाविज्ञान हा शालेय विषय नाही, म्हणून शाळेत शिक्षक व्हायचे असेल, तर बी.एड.च्या विषयपात्रतेची आधी चौकशी करा. स्पर्धा परीक्षांना पदवी कोणतीही चालते.

प्रश्न : माझा सात वर्षांचा मुलगा अडखळत बोलतो. भाषाविज्ञान शिकलेली व्यक्ती उपचार करू शकेल का? काही जण म्हणतात, वय वाढले की आपोआप जाते. (वडील, मुरूड)

नाही, भाषावैज्ञानिक उपचार करत नाही. वाचा-भाषा उपचार हे वेगळे शास्त्र आहे, त्याची बी.ए.एस.एल.पी. ही पदवी असते, तिला बारावी विज्ञान लागते, आणि ती घेणाऱ्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. काही मुलांचे अडखळणे आपोआप थांबते हे खरे, पण सातव्या वर्षापर्यंत ते टिकले असेल, तर थांबेल या भरवशावर राहू नये. नोंदणीकृत उपचारकाकडे या आठवड्यातच वेळ घ्या. जवळ कोणी नसेल, तर मुंबईत वाचा व श्रवण यांच्या अडचणींसाठी असलेल्या वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा. तोवर त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका आणि चारचौघांत टोकू नका.